लाखातला एक भाग

आपले अल्फारेटा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. जमीन चढउताराची असली तरी डोंगर म्हणावा असे काही जवळ नाही, त्यामुळे ही उंची आपल्या लक्षातही येत नाही. हवेला मात्र ती कळते. समुद्रकाठच्या मुंबईत वायुभारमापकातला पारा ७६० मिलिमीटरच्या आसपास उभा राहतो, तर इथे सर्वसाधारण दिवशी तो ७२९च्या आसपास असतो. पुण्यात ७११, महाबळेश्वरात ६४६. घाट चढताना कानांना दडे बसतात ते याच फरकाने.

आता एक वेगळा आकडा घ्या. हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसाकडे रक्त नेणारी जी रोहिणी आहे, तिच्यातला सरासरी दाब निरोगी माणसात असतो जेमतेम १५ मिलिमीटर. दंडावर पट्टा बांधून मोजतो तो १२०/८० वाला दाब वेगळा. हा त्याच्या मानाने अगदीच लाजाळू. हृदय थकू लागले, म्हणजे ज्याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात ते सुरू झाले, की हा दाब चढू लागतो. पाय सुजण्याच्या आणि रात्री उशांचा ढीग करून बसून झोपण्याच्या आधी काही दिवस, कधी काही आठवडे तो चढू लागतो. पंधराचे पंचवीस झाले, पंचविसाचे पस्तीस झाले, हे वेळेवर कळले तर गोळीचा डोस बदलून भागते. नाही कळले तर रात्री दोन वाजता इमर्जन्सी रूम.

म्हणजे बातमी आहे दहा-वीस मिलिमीटरची, आणि मुंबई-पुण्याच्या हवेतला फरकच आहे जवळजवळ पन्नासचा. ही छोटी बातमी मोठ्या पसाऱ्यातून वेगळी कशी काढायची, या एका प्रश्नामागे गेली जवळजवळ तीनशे वर्षे माणसे लागली आहेत. त्या कहाणीचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारीच, ४०० नंबरच्या हायवेने खाली गेले की लागणाऱ्या जॉर्जिया टेकच्या परिसरात लिहिला गेला. आपल्या मंडळात इलेक्ट्रॉनिक्स शिकून पुढे सॉफ्टवेअरमध्ये रमलेली मंडळी कमी नाहीत. त्यांना यातली काही नावे ओळखीची वाटतील. बाकीच्यांनी आकडेमोडीला घाबरू नये, ती चौथीच्या गणितापलीकडे जात नाही.

सुरुवात एका घोडीपासून होते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या रोहिणीत नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली आणि रक्त किती चढते ते पाहिले. चढले आठ फूट तीन इंच. हे त्याने १७३३ साली ग्रंथात छापले. प्रयोग क्रूर खरा, पण त्यात कसलेही 'मोठे करणे' नव्हते. दाब जेवढा तेवढे रक्त वर. पुढे १८२८ साली फ्रान्सच्या प्वाझय याने काचेच्या नळीत पारा घातला, त्यामुळे शिडीवर चढायची गरज उरली नाही. १८४७ साली जर्मनीत कार्ल लुडविगने पाऱ्यावर तरंगता काटा ठेवून फिरत्या कागदावर दाबाची रेघ काढली.

पण पारा जड. हृदयाचा ठोका सेकंदाच्या आत वर जाऊन खाली येतो, आणि पारा आपला अजून निघायच्या तयारीत. काटा हलवायला जी ताकद लागते ती रक्तातूनच घ्यावी लागते, आणि जेवढी जास्त घ्याल तेवढा मूळ आकार बिघडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतच ओटो फ्रांकने यावर सुंदर तोड काढली. दाबाने किंचित हलणाऱ्या पडद्यावर त्याने छोटासा आरसा बसवला आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा किरण दूरच्या फिल्मवर पाडला. पडदा केसभर हलला की किरण बोटभर सरके. किरणाला वजन नसते, त्यामुळे रक्ताकडून जवळजवळ काही न घेता हालचाल शेकडो पट मोठी झाली. माझ्या मते अॅम्प्लिफायर म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही. पुस्तकी मराठीत त्याला विवर्धक म्हणतात आणि त्यामुळे वाटते की वाढवणे हेच त्याचे काम. खरे काम आहे मूळ वस्तूला धक्का न लावता, ताकद दुसरीकडून आणून, तोच आकार पुन्हा उभा करणे.

दुसरीकडून म्हणजे विजेतून. विजेच्या वाटेची पहिली खूण १८५६ सालची. लॉर्ड केल्विनने दाखवले की तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो. मग ऐंशी वर्षे कोणाला त्याचे फारसे काही सुचले नाही. १९३८ साली मात्र एकमेकांना न विचारता दोघांना सुचले. कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एमआयटीत आर्थर रुगे. सिमन्स म्हणजे एक वल्ली. उतारवयात घट्ट विजारी घालून, मध्ययुगीन सरदारासारखा पॅसाडेनाच्या रस्त्यांवर फिरे. पेटंटच्या हक्कासाठी तो कॅलटेकशी कोर्टात भांडला आणि १९४९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. रुगेची तऱ्हा निराळी. एमआयटीच्या समितीने त्याला कळवले की शोध छान आहे, पण व्यापारी दृष्ट्या त्यात फारसे काही दिसत नाही. तुमचा तुम्ही ठेवा. अशा समित्या सगळ्या देशांत सारख्याच असतात!

रुगेचे मूळ काम काय होते? भूकंपात उंचावरच्या पाण्याच्या टाक्यांवर काय ताण येतो, हे छोट्या प्रतिकृतीवर मोजणे. ११ डिसेंबर १९६७ची कोयनेची पहाट ज्यांना आठवते त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. प्रतिकृतीच्या पातळ पत्र्यावर त्याने सिगारेटच्या कागदाएवढ्या पातळ कागदासह बारीक तार चिकटवली. पत्रा ताणला की तार ताणली जाई, रोध बदले. हाच स्ट्रेन गेज. आता पत्र्याच्या जागी रक्ताच्या दाबाने वाकणारा पडदा कल्पा, की झाला दाबाचा सेन्सर. मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड लॅम्बर्ट आणि अर्ल वुड यांनी १९४७ साली असा तारेचा सेन्सर माणसाच्या रोहिणीतला दाब मोजायला वापरल्याचे प्रसिद्ध केले. मेयोच्या या गटाने युद्धकाळात लढाऊ वैमानिक वेगाच्या वळणात बेशुद्ध का पडतात यावर काम केले होते. १९५४ साली बेल लॅब्जच्या चार्ल्स स्मिथने दाखवले की सिलिकॉन आणि जर्मेनियममध्ये हाच परिणाम धातूच्या तारेपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. आजचे बहुतेक दाबाचे सेन्सर त्या एका निबंधाची लेकरे आहेत.

कितीतरी पटींनी मोठा म्हणजे किती? इथे थोडे थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

चार रोध चौकोनात जोडून केलेला व्हीटस्टन ब्रिज आपण सगळ्यांनी बारावीच्या प्रॅक्टिकलला जुळवला आहे. (व्हीटस्टनने तो १८४३ साली लोकप्रिय केला, मूळ कल्पना सॅम्युएल क्रिस्टीची, दहा वर्षे आधीची. नाव मात्र लागायचे त्याचेच लागले.) दाबाच्या सेन्सरमध्ये हे चारही रोध त्याच पडद्यावर असतात. इस्पितळात पलंगाशेजारी लटकणाऱ्या रक्तदाबाच्या सेन्सरचे माप ठरलेले आहे: ब्रिजला दिलेल्या दर व्होल्टमागे, दाबाच्या दर मिलिमीटरला पाच मायक्रोव्होल्ट. समजा पाच व्होल्ट दिले, तर एका मिलिमीटरला मिळाले पंचवीस मायक्रोव्होल्ट. फुफ्फुसाच्या रोहिणीतल्या १५ मिलिमीटरला मिळून एका मिलिव्होल्टचा साधारण तिसरा हिस्सा.

पण हे पंचवीस मायक्रोव्होल्ट एकटे येत नाहीत. ब्रिजच्या दोन्ही टोकांवर अडीच-अडीच व्होल्ट उभे असतात आणि आपल्याला हवा आहे त्या दोघांतला फरक. अडीच व्होल्टचा लाखावा भाग! सिंहगडावर उभ्या असलेल्या दोन भावांच्या डोक्यांची उंची समुद्रापासून मोजून, थोरला धाकट्यापेक्षा एक सेंटिमीटरने उंच आहे की नाही हे सांगण्यासारखे हे काम. सिंहगड तेराशे मीटर. त्याचा लाखावा भाग तेरा मिलिमीटर. आपल्या घरात आई काय करते? दोघांना पाठीला पाठ लावून उभे करते आणि डोक्यावर पुस्तक आडवे ठेवते. गड किती उंच हा प्रश्नच उरत नाही. चांगल्या सेन्सर अॅम्प्लिफायरची सगळी विद्या या पाठीला पाठ लावण्यात आहे.

ती विद्या यायला वेळ लागला. आधी अॅम्प्लिफायरच भरवशाचे नव्हते. व्हॅक्यूम ट्यूब तापली, जुनी झाली, की तिची पट बदले. आज हजारपट, उद्या आठशे. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनियर न्यू जर्सीहून हडसन नदी ओलांडून बोटीने कामावर निघाला होता. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या एका पानावर त्याने आकृती खरडली: गरजेपेक्षा फार जास्त वाढवा, आणि बाहेर आलेल्यातला ठरावीक हिस्सा उलटा करून आत परत द्या. पट गमवाल, पण उरेल ती पक्की असेल, कारण ती आता ट्यूबवर नव्हे तर दोन साध्या रोधांच्या प्रमाणावर ठरेल. कमवायचे आणि त्यातले बरेचसे परत द्यायचे, हे पेटंट ऑफिसला पटेना. पेटंट मिळायला नऊ वर्षे गेली. १९४७ साली रागाझिनी आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने अशा मंडळाला ऑपरेशनल अॅम्प्लिफायर हे नाव दिले. पुढे फिलब्रिकने ते ट्यूबच्या डब्यात विकले, १९६५ साली फेअरचाइल्डच्या बॉब विडलरने चिपवर ७०९ आणला, आणि १९६८ साली त्याच कंपनीत डेव्हिड फुलागरने ७४१.

हा ७४१! मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्याने कधी तो आठ पायांचा काळा किडा विकत घेतला नाही तो आपल्या पिढीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला नव्हे. प्रोजेक्टसाठी एक ७४१, चार रेझिस्टर, एक कंपासपेटीएवढे ब्रेडबोर्ड. कॉलेजात शिकवलेले 'डिफरन्स अॅम्प्लिफायर'चे सूत्र पाठ. तेच मंडळ आपल्या सेन्सरला लावून बघू. पट ठेवू शंभर.

सूत्र म्हणते की चारही रेझिस्टर तंतोतंत जुळले तर समान असलेले अडीच व्होल्ट पूर्ण पुसले जातील. पण बाजारातला चांगला रेझिस्टर एक टक्क्याचा. चौघांची चूक वाईटात वाईट तऱ्हेने एकत्र आली तर अडीच व्होल्टमधला साधारण एक मिलिव्होल्ट फरक म्हणून आत शिरतो. एक मिलिव्होल्ट म्हणजे, आपल्या मापात, चाळीस मिलिमीटर दाब. सोनेरी पट्ट्याचे पाच टक्केवाले स्वस्त रेझिस्टर वापरले तर दोनशे. त्यात ७४१ची स्वतःची खोड: दोन्ही पायांवर शून्य दिले तरी त्याला आत एक ते पाच मिलिव्होल्टचा फरक भासतो. रुग्णाची बातमी पंधराची, आणि निरोप्याच्या स्वतःच्या मनाचे दोनशे!

कोणी म्हणेल, चूक स्थिर असेल तर सुरुवातीला वजा करून टाका. तसे करतातच. नर्स सेन्सरची तोटी हवेला उघडी करते, मॉनिटरवरचे 'झिरो'चे बटण दाबते, आणि त्या क्षणी हवेचा दाब, रेझिस्टरचा विसंवाद, चिपची खोड, सगळे एकदम शून्य ठरते. पण शून्य स्थिर राहत नाही. खोलीचा एसी लागला, चिप चार अंशांनी थंड झाली, की आकडा सरकू लागतो. शिवाय ब्रिजला देतो ते पाच व्होल्ट घसरून चार पूर्णांक नऊ झाले तर प्रत्येक दाब दोन टक्क्यांनी खोटा होतो, आणि ती चूक शून्य केल्याने जात नाही. म्हणून अॅम्प्लिफायरची गोष्ट निम्मी पॉवर सप्लायची गोष्ट असते. अनुभवी लोक आधी तिथे बघतात.

यावरची तोड म्हणजे तीन ऑप-अँपचा इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर. पहिले दोघे ब्रिजच्या एकेका टोकाला कान लावतात आणि तिथून जवळजवळ काहीच करंट घेत नाहीत, ओटो फ्रांकच्या आरशासारखे. दोघांच्या मधोमध एकच रेझिस्टर. दोन्ही टोके सारखी वर-खाली झाली तर त्यातून काहीच वाहत नाही; फरक पडला तरच वाहते. त्यामुळे फरक तेवढा शंभरपट होतो आणि समान भाग जसाच्या तसा, एकपट राहतो. मग तिसरा ऑप-अँप वजाबाकी करतो. तिसऱ्याचे चार रेझिस्टर मात्र जुळलेच पाहिजेत. ते एक टक्क्याचे असतील तर अजूनही वीस मिलिमीटरची चूक शिल्लक राहते. खरा फायदा झाला तो हे सगळे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आल्यावर. तिथे चारही रेझिस्टर एकाच वेळी, एकाच हाताने घडतात, लेझरने खरवडून जुळवता येतात, आणि गरम झाले तर एकदमच गरम होतात. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीने १९७१ साली एडी ५२० काढला आणि १९९२ साली एडी ६२०. या दुसऱ्यात पट ठरवायला बाहेरून एकच रेझिस्टर लागतो. ४९,४०० ओहमला त्या रेझिस्टरने भागा आणि एक मिळवा. आपल्याला शंभर मिलिमीटरला एक व्होल्ट हवा असेल तर पट चारशे, म्हणजे रेझिस्टर सुमारे १२४ ओहमचा. समान भाग पुसण्याची त्याची ताकद एवढ्या पटीवर लाखाला एकाहून चांगली. तपकीर गल्लीतल्या चार रेझिस्टरांनी जे कधीच झाले नसते ते नखाएवढ्या चिपने केले.

पुढे फिल्टर. रक्तदाबाच्या लाटेत सेकंदाला वीस-पंचवीस कंपनांपलीकडे फारसे काही कामाचे नसते, आणि त्यापलीकडे लगेच घरच्या विजेची गुणगुण उभी असते, भारतात पन्नास, इथे साठ. ती अडवावी लागते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. हा सेन्सर मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळीतून थेट रुग्णाच्या रक्ताशी, कधी कधी हृदयाशीच जोडलेला असतो, आणि मीठपाणी वीज वाहते. कातडीवर जी गळती मुंगीही चावल्यासारखी वाटणार नाही, ती थेट हृदयात गेली तर ठोका बिघडवू शकते. १९७१ साली राल्फ नेडरने एका महिलांच्या मासिकात लिहिले की अमेरिकन इस्पितळांत वर्षाला बाराशे माणसे अशी विजेने मरतात. हा आकडा पुढे कोणाला सिद्ध करता आला नाही, पण खळबळ उडाली आणि सुरक्षेच्या नियमांना जोर आला. आज हृदयाशी जोडलेल्या उपकरणातून सर्वसाधारण स्थितीत दहा मायक्रोअँपपेक्षा जास्त गळती चालत नाही. म्हणून रुग्णाकडचा अॅम्प्लिफायर आणि भिंतीतली वीज यांच्यात तारेचा संबंधच ठेवत नाहीत. निरोप प्रकाशाने किंवा चुंबकाने पलीकडे जातो. नेडरचा आकडा फुगलेला असेल, पण त्या फुगवट्याचा उपयोग झाला असे मला वाटते.

आता नळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डच्या इस्पितळात वेर्नर फोर्समान या शिकाऊ डॉक्टराने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. वरिष्ठ संतापले; १९५६ साली नोबेल मिळाले. तरी फुफ्फुसाच्या रोहिणीपर्यंत नळी नेणे हे एक्स-रेखालचे कसबी काम राहिले. लॉस एंजेलिसचे डॉ. जेरेमी स्वान मुलांबरोबर सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर असताना त्यांना शिडाची होडी वाऱ्याबरोबर सरकताना दिसली, आणि नळीच्या टोकाला शीड लावले तर, असे मनात आले. शिडाचा फुगा झाला. विल्यम गांझ यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध १९७० साली आला. फुगा रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहत आपोआप योग्य जागी जातो. आयसीयूत पलंगाशेजारीच तो लाजाळू दाब दिसू लागला.

आणि तिथे कळले की मायक्रोव्होल्टची लढाई जिंकली तरी बाकी बरेच उरते. सेन्सर हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली लटकला की पाण्याच्या वजनाने आकडा सात मिलिमीटरने वाढतो. पंधरावर सात! पलंग वर केला आणि सेन्सर खालीच राहिला, तर जगातला उत्तम अॅम्प्लिफायरही उत्तम रीतीने चुकीचा आकडा दाखवील. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की लाट बोथट होते. सेन्सर महाग म्हणून धुऊन पुन्हा वापरत, त्यातून रक्तात जंतू गेले. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अशा साथींचा माग काढणारी संस्था म्हणजे आपल्या अटलांटातली सीडीसी. सिलिकॉनमुळे एकदा वापरून फेकण्याचे स्वस्त सेन्सर आले आणि तो मार्ग बराचसा बंद झाला. १९९६ साली तर कॉनर्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने धक्काच दिला: स्वान-गांझ नळी घातलेले रुग्ण, सारख्याच आजारी असलेल्या इतरांपेक्षा जास्त दगावल्याचे त्यात दिसले. वाद खूप झाला, पण नळीचा सर्रास वापर त्यानंतर ओसरला.

सहा महिन्यांसाठी इथे येणाऱ्या आई-बाबांच्या सामानात चकली-शेवेबरोबर बीपीचे मशीन असते, त्याचाही या घराण्याशी संबंध आहे. पट्ट्यातला दाब दीडशेवरून उतरत असतो आणि त्यावर एक-दोन मिलिमीटरची नाडीची थरथर स्वार झालेली असते. आतला अॅम्प्लिफायर संथ उतार गाळून फक्त थरथर मोठी करतो. ती सर्वात मोठी होते तो साधारण सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून हिशेबाने काढते, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनीचा आपला आपला. त्यामुळे पुण्याचे मशीन १३४ आणि इथल्या फार्मसीतले १४१ म्हणाले म्हणून लगेच डॉक्टर बदलू नये.

जॉर्जिया टेकचे प्राध्यापक मार्क ॲलन यांचा प्रश्न अगदी वेगळा होता. जेट इंजिनच्या भट्टीत दाब कसा मोजायचा? तिथे ७४१ काय, कोणतीच चिप जगत नाही. तारही टिकत नाही. त्यांच्या गटाने १९९० च्या दशकात सिरॅमिकची बंद डबी केली, आत एक वेटोळे आणि एक कपॅसिटर. दाबाने डबीची भिंत वाकते, कपॅसिटरच्या पट्ट्या जवळ येतात, आणि त्या जोडीची नैसर्गिक कंपनसंख्या बदलते. बाहेरून रेडिओची टिचकी मारायची आणि ती कोणत्या सुरात वाजते ते ऐकायचे. ना बॅटरी, ना तार, ना आत अॅम्प्लिफायर.

इथे बातमीची जात बदलते हे लक्षात घ्या. ब्रिजमध्ये दाब म्हणजे व्होल्टची उंची होती आणि म्हणून प्रत्येक गळती, प्रत्येक सरक त्यात मिसळत होती. इथे दाब म्हणजे सूर. तंबोरा हळू छेडला की जोरात, माजघरातून ऐकला की ओसरीवरून, षड्ज षड्जच राहतो. कल्पना अगदी नवी नव्हती. फुग्याला बांधून आकाशात सोडायचे हवामानाचे रेडिओसोंड १९२९-३० च्या सुमारास फ्रान्स आणि रशियात आले, पुढे पुण्याच्या वेधशाळेनेही (पुणेकरांचे 'सिमला ऑफिस') पंख्यावर चालणारा आपला रेडिओसोंड बनवला. त्यांतही दाबाचा निरोप संकेताच्या जोरावर सोपवलेला नसे, कारण फुगा दूर जाईल तसा जोर कमी होणारच.

२००१ साली ॲलन यांनी क्लीव्हलँड क्लिनिकचे हृदयतज्ज्ञ जय यादव यांच्याबरोबर अटलांटात कार्डिओमेम्स ही कंपनी काढली. (आडनाव यादव असले तरी देवगिरीशी धागा जोडण्याचा मोह मी आवरतो.) सिरॅमिकच्या जागी काच, इंजिनच्या जागी माणूस. पहिला सेन्सर पोटातल्या महारोहिणीच्या फुगवट्यासाठी, त्याला २००५ साली परवानगी मिळाली. दुसरा फुफ्फुसाच्या रोहिणीसाठी: लांबी पंधरा मिलिमीटर, दोन्ही टोकांना प्रवाहात धरून ठेवणाऱ्या बारीक तारेच्या कड्या. एकदा नळीतून आत सोडला की कायमचा. रुग्ण घरी रोज एका उशीवर पडून राहतो, उशीत अँटेना. ती टिचकी मारते, सेन्सर काही क्षण गुणगुणतो, आणि तो क्षीण सूर उचलून मोठा करणारा अॅम्प्लिफायर आता शरीराबाहेर, हव्या तेवढ्या विजेसह आरामात बसलेला असतो.

एक गोष्ट मात्र टळली नाही. बंद डबी पूर्ण दाब मोजते, हवेचा धरून. म्हणून घरच्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर आहे आणि तो आकडा प्रत्येक वेळी वजा होतो. ही वजाबाकी नसती तर अल्फारेटाचा रुग्ण मुंबईला लेकीकडे गेल्यावर त्याचा पंधराचा दाब एकदम सेहेचाळीस दिसला असता.

चाचणीत ५५० रुग्ण होते. सेन्सर सगळ्यांनाच बसवला, पण निम्म्यांचे आकडे डॉक्टरांना दाखवले, उरलेल्यांचे झाकून ठेवले. २०११ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला: आकडे दाखवलेल्या गटात सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात जाण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी. तरीही त्याच डिसेंबरात एफडीएच्या सल्लागार समितीने सेन्सर सुरक्षित मानला, परिणामकारक मानायला नकार दिला. कारण असे की, कंपनीच्या नर्सेस आकडे दाखवलेल्या गटातल्या डॉक्टरांना औषधाच्या सूचनाही पाठवत होत्या. मग फायदा सेन्सरचा की सूचनांचा? दोन गटांत सेन्सरच्या आकड्यांखेरीज दुसरा फरक शिरला होता. चार रेझिस्टर जुळले नव्हते म्हणा ना. कंपनीने सूचना थांबल्यानंतरच्या काळाचे आकडे काढून दाखवले, समिती २०१३ साली पुन्हा बसली, आणि २८ मे २०१४ रोजी परवानगी मिळाली. त्याच वर्षी सेंट ज्यूड मेडिकलने कंपनी घेतली, २०१७ साली सेंट ज्यूडला ॲबटने.

नंतरची मोठी चाचणी, एक हजार रुग्णांची, २०२१ साली आली, ऐन कोविडच्या सावटात, आणि तिचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही. कोविडपूर्व आकडे वेगळे काढले तर फायदा दिसतो असे संशोधक म्हणाले, पण आकडे मागाहून वेगळे काढण्याला नेहमीच थोडी शंका चिकटते. २०२३ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात रुग्णांचे जगणे सुधारल्याचे दिसले. जानेवारी २०२५ मध्ये मेडिकेअरने या सेन्सरांचा खर्च देशभर मान्य केला, मात्र अट घातली की ज्यांना तो बसेल त्यांचे पुढे काय होते याची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे.